वाटीतले खिळे

५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आईच्या पाया पडलो म्हणून सांग. वहिनीला नमस्कार. चिमणीचा गालगुच्चा घे, पण हळू. परवा फोनवर तक्रार करत होती की सगळे तिचा तोच गाल ओढतात.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोली कोरडी आहे, खिडकी नीट लागते आणि मालकीणबाई अजून तरी रागावलेल्या नाहीत. आईला एवढं मोठ्याने वाचून दाखव. पुढचं तू एकटा वाच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "बोल पटकन, गिऱ्हाईक उभं आहे" म्हणतोस, आणि मला पटकन बोलता येत नाही. मी आपलं सोफ्यांचं दुकान सोडून इकडे आलो तेव्हापासून तर तू "काय दातवाले, काय म्हणताय?" असं सुरू करतोस आणि माझं पुढचं वाक्य राहूनच जातं. पत्रात तुला मला मध्ये तोडता येणार नाही. शिवाय आधी कच्चं लिहून मग पक्कं करता येतं. हे पक्कं आहे.

आधी एक विचारून घेतो. तुझा तो वरचा समोरचा दात, ज्याच्या बाजूला फट पडली आहे, तो अजून हलतो का? मागे आलो होतो तेव्हा तू तो जिभेने ढकलून दाखवलास आणि चिमणी खिदळली. "खिळ्यांनी जायला-यायला रस्ता केलाय," म्हणालास. तेव्हा मीही हसलो. हलतो की नाही, एवढंच कळव.

आता माझ्या कामाचं. तू सगळ्यांना सांगतोस की धाकटा बाटल्या धुतो. खरं आहे, धुतो. बर्फ भरतो, नळ्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या लावतो, पेशंटना हाक मारतो. पण ज्या कामासाठी त्या बाटल्या धुवायच्या, ते काम तू एकदा येऊन बघावंस असं मला फार वाटतं.

आमच्या मॅडम दातांच्या डॉक्टर आहेत, पण दाताकडे त्या फारसं बघतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष दात ज्या हाडात रोवलेला असतो त्या हाडाकडे. हिरडीचा आजार खोल गेला की ते हाड झिजत जातं. दुखत नाही, खुपत नाही. तुला सोफ्यावरून सांगतो: कापड झकास, शिवण सरळ, आणि आतल्या लाकडाला कीड. बसणाऱ्याला कळतं तेव्हा पाय मोडलेला असतो. एक्स-रे काढला की किती हाड गेलं ते दिसतं, पण गेलेलंच दिसतं. आत्ता, या घडीला, ते जातंय की थांबलंय, हे त्या फोटोत कळत नाही. मॅडमना नेमकं तेच हवं आहे.

त्यासाठी त्या काय करतात ते ऐक. दात आणि हिरडी यांच्या फटीत किंचितसा द्रव पाझरत असतो. हाड पोखरलं जात असलं की त्याच्या खुणा त्या द्रवात उतरतात. एक पदार्थ असा की तो हाड खाणाऱ्या पेशींना "चला, लागा कामाला" म्हणतो. दुसरा त्यांना "थांबा" म्हणतो. निरोगी तोंडात थांबा म्हणणाऱ्याचं चालतं. आजार जोरात असला की त्याचं कोणी ऐकत नाही. हे मी माझ्या शब्दांत लिहिलं आहे. मॅडम ज्या शब्दांत सांगतात ते मला नीट लिहिता आले असते तर तेही लिहिले असते.

तो द्रव टिपायला कागदाची एक पट्टी असते, नखाहून अरुंद. मॅडम आधी दात कापसाने कोरडा करतात, थुंकी येऊ नये म्हणून गालात कापूस भरतात, आणि मग ती पट्टी फटीत सोडतात. ढकलत नाहीत, सोडतात. थोडा वेळ थांबतात. त्या वेळात त्या श्वासही बेताने घेतात. पट्टी बाहेर आली आणि तिच्यावर रक्ताचा नुसता ठिपका दिसला तरी ती टाकून देतात. एकदा एक आजोबा तीन गाड्या बदलून आले होते आणि त्यांच्या दोन्ही पट्ट्यांवर रक्त आलं. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "मॅडम, जरासंच आहे." मॅडम म्हणाल्या, "रक्त लागलेली पट्टी सगळ्या अंगाचं बोलायला लागते, मला फक्त फटीचं ऐकायचंय." मग आजोबांची माफी मागितली, त्यांना चहा पाजला आणि पुन्हा कधी यायचं ते ठरवलं. आजोबा खूश. म्हणाले, "एवढ्या अदबीने माझ्या तोंडाकडे कोणी बघितलंच नव्हतं."

आणखी एक सांगतो. निकाल मनाविरुद्ध आला तर मॅडम एकदा तपासतात. मनासारखा आला तर दोनदा.

मॅडम पट्टी सोडतात तेव्हा मला तू आठवतोस. खरंच. गालात मूठभर बारीक खिळे, जिभेने एकेक फिरवून डोक्याकडून ओठात आणायचा, दातात धरायचा, हातात घ्यायचा, ठोक. डाव्या हाताने कापड ताणलेलं, नजर शिवणीवर, आणि त्यातच गिऱ्हाइकाशी भांडणसुद्धा. तोंडात खिळे असताना इतक्या स्पष्ट शिव्या देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला ते कधी जमलं नाही. खिळा गिळला जाईल या भीतीने मी ते वाटीत ठेवायचो आणि एकेक उचलायचो. मग तू मला "वाटी" म्हणायला लागलास आणि आठवड्याभरात सगळी गल्ली म्हणायला लागली. मला राग यायचा. पण मी किती हळू करतो म्हणून कोणी गिऱ्हाईक हसलं की तू म्हणायचास, "घाई असेल तर चटई घ्या." तेही माझ्या लक्षात आहे.

आता जे घडलं ते. मॅडमना आजाऱ्यांबरोबर निरोगी माणसांच्याही पट्ट्या लागतात, तुलनेसाठी. त्यासाठी इथल्याच काही लोकांनी दिल्या. सगळ्या नळ्यांवर नुसते नंबर, नावं मॅडमच्या कपाटात. नंबर मी लावतो. काल त्यांची तपासणी झाली. एका ताटलीत बारीक बारीक खळगे असतात, त्यांत द्रव घालायचा, औषधं घालायची. तो "चला" म्हणणारा पदार्थ जितका जास्त तितका खळगा पिवळा. निरोगी माणसांच्या ओळीत सगळे खळगे पाण्यासारखे फिके, आणि मध्येच एक हळदीसारखा पिवळा.

मॅडमच्या हाताखालचा एक उंच डॉक्टर म्हणाला, "चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. कोणी लावल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या खळग्याकडे बघत होतो. म्हणालो, "मॅडम, माझ्याच हातून झालं असेल."

मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "नवीन पट्टी घेऊन पुन्हा करू. सगळ्यांच्याच, रोज एकेकाची."

दादा, माझी चूक निघावी अशी मी मनापासून वाट बघतो आहे. का, ते आत्ता विचारू नकोस.

दाताचं तेवढं कळव.

तुझा धाकटा भाऊ


२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही, पण वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भावोजी, तुमचं पत्र ह्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खिशात घातलं आणि म्हणाले, दातवाल्यांची जाहिरात आहे." मी विचारलं, दात कसा आहे? तर वहिनी म्हणाली, "मला काय दाखवतायत. आरशासमोर असले की मी आल्यावर मिश्या विंचरतात." मी हसलो. मग जे म्हणाली ते मी या पत्राच्या शेवटी लिहीन. ते लिहायचं म्हणूनच हे पत्र आहे, पण आधी माझं सांगून टाकतो. नाहीतर तू म्हणशील, स्वतःचं झाकून मला उपदेश करतो.

तो पिवळा खळगा माझा होता.

नळीवर माझा नंबर मीच लिहिला होता. म्हणून ताटली बघताक्षणी कळलं होतं. उंच डॉक्टरला माहीत नव्हतं, मॅडमना कपाट उघडल्यावर कळलं. मी मात्र उभ्या जागी मनातल्या मनात म्हणत होतो की चिठ्ठी चुकली असू दे, मला कामावरून काढू दे, पण हे माझं नसू दे.

तुला हसू येईल. तूच म्हणायचास, "ह्याचे दात पितळेच्या भांड्यासारखे, घासून घासून झिजायचे." त्या दातांमुळेच घोटाळा झाला. निरोगी माणसांची आधी सळईने फट मोजून तपासणी करायची, असा मॅडमचा नियम आहे, पुढचे-मागचे सगळे दात. माझी पाळी आली तेव्हा उंच डॉक्टरने तोंड उघडायला लावलं आणि म्हणाला, "तुझे दात काय मोजायचे? तुझा फोटो दारावर लावायला पाहिजे." समोरचे एकदोन मोजल्यासारखे केले आणि निरोगी म्हणून लिहून टाकलं. नियम मलाही माहीत होता. पण कोणी माझ्या कशाचं तरी कौतुक करत होतं, आणि मी तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्यांदा पट्टी मॅडमनी स्वतः घेतली. पुन्हा पिवळा. मी परत सुरू केलं. आमचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"मॅडम, आजही चिठ्ठी चुकली असेल."

"आज तुझी एकट्याचीच नळी होती, अरे."

"मग बर्फ कमी पडला असेल. मीच भरला होता."

"बस इथे."

"नाहीतर नळी नीट धुतली..."

"नळ्या नव्या असतात, धुवत नाहीत. बस."

मी बसलो. त्या म्हणाल्या, "तुझ्या हातून चूक झाली असती ना, तर मला फार बरं वाटलं असतं. पहिल्या दिवशीच मी नंबर बघितला आणि म्हटलं, देवा, आज तरी ह्याने गोंधळ घातलेला असू दे. पण तू गोंधळ घालत नाहीस. म्हणूनच मला काळजी वाटली."

दादा, मला आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते अशा वेळी. रडू कशाचं आलं ते मलाच कळलं नाही.

मग त्यांनी सळईने सगळे दात मोजले, दोन्हीकडच्या दाढांशीसुद्धा. एक्स-रे काढला. उंच डॉक्टर शेजारी उभा राहून आकडे लिहून घेत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. नंतर तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "माझं चुकलं यार." मी म्हटलं, "फोटो दारावर नका लावू आता." तेव्हा कुठे दोघं हसलो.

मॅडमनी एक्स-रे उजेडापुढे धरून दाखवला. पहिल्या दाढांपाशी हाड खाली गेलं आहे, खणल्यासारखं. समोरच्या खालच्या दातांपाशी थोडं. त्या म्हणाल्या, नुसत्या पिवळ्या रंगावर मी कोणाला आजारी ठरवत नाही, तेवढं ज्ञान अजून आम्हाला नाही. पण रंग, सळई आणि फोटो, तिन्ही एकच सांगतायत. हा आजार तरुणपणीच लागतो, वरून सगळं स्वच्छ दिसतं, आणि बहुतेक वेळा पुढचे दात आणि पहिल्या दाढा धरतो. गेलेलं हाड फारसं परत येत नाही. पण जाणारं थांबवता येतं. माझं थांबेल असं त्या म्हणाल्या. मुळापर्यंत साफ करणं सुरू झालं आहे, गोळ्या चालू आहेत. उजव्या बाजूने जेवतो. घाबरू नकोस, मी पुरेसा घाबरलो आहे, दोघांचं मिळून.

मग मॅडमनी विचारलं, "घरात कोणाचे दात लवकर गेले?"

मी सवयीने म्हणालो, "आईचे. पण ती शिवणकाम करायची, दाताने दोरा तोडायची, त्याने गेले."

"वय काय होतं?"

मी सांगितलं. त्या वयात आईला पहिली कवळी बसली, मी तेव्हा शाळेच्या पहिल्याच वर्गात होतो.

"आणखी कोणी?"

"भावाचा समोरचा दात हलतो. पण तो सोफे करतो, तोंडात खिळे धरतो, त्याने..."

एवढं बोललो आणि मी थांबलो. माझ्या तोंडात ना दोरा गेला ना खिळा, आणि माझ्या हाडाचंही तेच झालं होतं.

इतकी वर्षं आपण कामाला बोल लावला. आत्या आईला सगळ्यांदेखत म्हणायच्या, "किती सांगितलं, कात्री वापर," आणि आई ओठ मिटून हसायची. ती आजही तसंच हसते, कवळी असूनही. आपल्या दुकानातल्या सगळ्या खोळी तिने शिवल्या, आणि दात स्वतःच्या हाताने घालवले असं ऐकून घेतलं. तिला सांग, दोऱ्याचा दोष नव्हता. तिचाही नव्हता. हे मात्र मोठ्याने वाच. आत्या आल्या असतील तर आणखी मोठ्याने.

आता वहिनी शेवटी जे म्हणाली ते.

ती म्हणाली, "भावोजी, हे हल्ली खिळे तोंडात घेत नाहीत. तुमची जुनी वाटी माळ्यावरून काढली, पुसली, आणि तिच्यातून एकेक उचलतात. मी विचारलं तर म्हणाले, खिळ्यांना आता गंज फार असतो. कालचा सोफा अजून तसाच पडलाय. गिऱ्हाईक ओरडून गेलं. आणि हे काही बोलले नाहीत, भावोजी."

दादा, "घाई असेल तर चटई घ्या" हे तू स्वतःसाठी का नाही म्हणालास?

मला वाटायचं, एखाद्या दिवशी तुला वाटीतून खिळा उचलताना बघीन आणि पोट धरून हसेन. ऐकलं तेव्हा हसू आलं नाही. तू गालात खिळे भरून ठोकायला लागलास की त्या ठोक्यांवर मी शाळेतून येताना पावलं टाकायचो, गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत. तो आवाज मला हवा आहे. तो टिकवणं माझ्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांच्या शेजारी मी रोज उभा असतो.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, भावाला आण, जितक्या लवकर तितकं बरं. हलणारा दात वाचेलच असं त्या म्हणत नाहीत. त्या कधीच खोटं गोड बोलत नाहीत. पण त्याच्या शेजारचे वाचतील, दाढा वाचतील. आणि चिमणीलाही आण, म्हणाल्या. तिला फक्त बघायचं आहे, टोचायचं वगैरे काही नाही. तू स्वतःसाठी येणार नाहीस हे मला माहीत आहे. मग चिमणीला आणायला ये, आणि आलाच आहेस तर खुर्चीत बस.

या पत्राबरोबर एक हातोडी पाठवतो आहे. तिचं एक टोक लोहचुंबकाचं आहे. खिळा डोक्याकडून आपोआप चिकटतो, पहिला ठोका त्याच टोकाने द्यायचा, मग हातोडी उलटी करून पक्का करायचा. तू म्हणशील, ही काय म्हाताऱ्यांची काठी. मी ती घेतानाच हत्यारांच्या दुकानात उभ्या उभ्या करून बघितलं, फळीवर. दादा, पहिल्यांदाच माझा हात भरभर चालला. तुझा तर काय चालेल. दात बरे होईपर्यंत वापर. नंतर नको असली तर मला परत दे, माझं येणं-जाणं आपल्या दुकानात असेलच, तू "दातवाले" म्हणालास तरी.

गुरुवारी सकाळची पहिली खुर्ची मॅडमनी मोकळी ठेवली आहे. स्टँडवर मी येतो. तोंडात कापूस असेपर्यंत तुला बोलता येणार नाही, तेवढा वेळ मी बोलेन. पट्टी मॅडम सोडतील, दुखणार नाही. नळीवर नंबर मी लावीन. रंग फिका येवो की पिवळा, तो तुझाच असेल. चिठ्ठी चुकणार नाही.

ये.

तुझा,
वाटी